सुरीचा गुण

आमच्या विज्ञानाच्या विषयात 'गुण' हा शब्द फार छळतो. पुस्तकात तो गुणधर्म म्हणून येतो, परीक्षेनंतर तोच गुणपत्रिकेत जाऊन बसतो, आणि कराड-मलकापूर मागे टाकून आत वळलं की आमच्या शाळेचं जे गाव लागतं तिथे तो माणसाच्या हाताला असतो. एखाद्या डॉक्टरच्या हाताला गुण असतो, एखाद्याच्या नसतो. माझ्या हाताला तो आहे, असं या गावाने परस्पर ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी मूळची मिरजेची. नवरा आणि मुलगी तिथेच असतात. शनिवारी दुपारी शाळा सुटली की एसटी गाठायची आणि सोमवारी पहाटे डोळे चोळत परत यायचं, असं माझं वर्षानुवर्षं चाललं आहे. बदलीचा अर्ज मी दरवर्षी भरायचे. राहायला सुभेदारांच्या घराची माडी. सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. पाण्याची टाकी भरली की खालून "टाकी ओक्के!" असा रिपोर्ट यायचा. मुलगाही फौजेत, सीमेवर. घरात सुभेदार आणि सून. मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत त्यांची विधवा चुलती राहायची. शाळेची खिचडी तीच शिजवायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. पातेल्याच्या तळाची खरपूस खिचडी ती माझ्यासाठी वेगळी काढून ठेवायची, कारण मला ती आवडते हे तिने न विचारता ओळखलं होतं.

आता शिकवण्याचं सांगते. आम्ल आणि आम्लारी हा धडा फळ्यावर शिकवणं म्हणजे जेवणाचं चित्र काढून पोट भरायला सांगणं. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. त्यामुळे मी घरातल्याच वस्तू आणायचे. हळद, तंबाखूचा चुना, धुण्याचा सोडा, लिंबू. हळदीच्या कागदावर चुन्याचं पाणी पडलं आणि तो लाल झाला की मुली ओरडायच्या, "बाई, कुंकू!" एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण लिंबातून रक्त काढून लोकांना लुबाडणाऱ्या भोंदूंची मला पहिल्यापासून चीड. म्हटलं, यांचं बिंग पोरांसमोरच फोडू. जास्वंदीची फुलं सुरीच्या पात्यावर चोळून वाळवली आणि वर्गात त्या सुरीने लिंबू कापलं. रस लालभडक. पोरं बाकांवर चढली. मग मी एकेकाच्या तळहातावर पाकळी चोळली, वर लिंबू पिळलं, आणि हा फुलातल्या रंगाचा गुणधर्म आहे हे नीट समजावलं. सगळ्यांना समजलं. परीक्षेत त्या प्रश्नाला सगळ्यांना पूर्ण गुण पडले.

घरी मात्र पोरांनी निम्मीच गोष्ट सांगितली. "बाईंनी लिंबातनं रगात काढलं!" उरलेली निम्मी, पाकळीची, सांगण्यात काय मजा? आठवड्याभरात एक बाई खोकणारं पोर घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. "जरा हात फिरवा की, बाई." मी हसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला दवाखान्यात न्यायला सांगितलं. ते दवाखान्यात गेले, पोर बरं झालं, आणि गुण माझ्या हाताला आला. करायला गेले गणपती, झाला मारुती!

इथपर्यंत मी मिरजेला जाऊन हे सगळं हसत सांगायचे. मग सुभेदारांच्या सुनेचं दुसऱ्यांदा पोट पडलं. औंधच्या यमाईला नवस बोलून झाला होता. मीच हट्टाने त्यांना मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, कधीकधी असं होतं, पुन्हा प्रयत्न करा. मला हायसं वाटलं. परतताना गाडीत सुभेदार म्हणाले, "समदं नॉर्मल हाय, म्हंजे भानगड बाहेरची हाय."

बाहेरचं म्हणजे करणी. आणि हे बाहेरचं शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. ते भिंतीपलीकडेच निघालं. दिवस गेल्याचं कळल्यावर मावशीने सुनेला वाटीभर खीर दिली होती. झालं! दोन दिवसांत गाव तेच बोलू लागलं. पोरं घरून डबे आणायला लागली. भरलेलं पातेलं मावशी एकटी शेळ्यांपुढे उपडं करायची. माझा संताप संताप व्हायचा, आणि राहायला मी त्याच माणसाच्या माडीवर.

एका संध्याकाळी सुभेदार जिन्याखाली चपला काढून वर आले. "बाई, तुमी लिंबू कापा. रगात आलं तर काकीनं गाव सोडायचं. न्हाई आलं तर मी समद्यांम्होरं तिच्या पाया पडतो."

"सुभेदारसाहेब, ते रक्त नव्हतं, जास्वंद होती. आणि असलं काही करणं हा गुन्हा आहे. कायदा आहे."

"व्हय की. म्हणून तर आजून देवऋषी आणला न्हाई. तुमी सरकारी माणूस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर तुमी न्हाई कापलं, तर आवसंला त्यो येतोय. मग माज्या हातात काय ऱ्हात न्हाई."

मी हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? साधी सुरी घ्या आणि कापून टाका. लिंबू पांढरंच निघणार. मावशी सुटली, तुम्ही सुटलात." आमचे हेडमास्तर हिशेबात कधी चुकत नाहीत, म्हणूनच त्यांचा राग येतो. आज पांढरं लिंबू मावशीला सोडवेल, पण उद्या लाल लिंबू दुसऱ्या कुणाला तरी गावाबाहेर काढेल, आणि त्यावर शिक्का विज्ञानाच्या बाईचा असेल. कापावं तर भोंदूची गादी माझ्याकडे, न कापावं तर मावशी देवऋष्याच्या तावडीत. इकडे आड, तिकडे विहीर. मी घाबरले होते. लिंबू कसं निघणार हे आधीच ठाऊक असूनही घाबरले होते.

त्या रविवारी मी मिरजेला गेले नाही. सकाळी देवळाच्या कट्ट्यावर दोन सुऱ्या आणि लिंबांचा ढीग घेऊन बसले. समोर गाव, पुढे माझी सातवीची पोरं, आणि कडेला डोक्यावरून पदर ओढलेली मावशी. जास्वंद चोळलेल्या सुरीने मी पहिलं लिंबू कापलं. लाल. गर्दीत एकदम कालवा झाला आणि मावशी मटकन खाली बसली. तेवढा तो क्षण मला आजही सोसत नाही. मी ओरडले, "थांबा!" दुसऱ्या सुरीने, माझ्या स्वयंपाकाच्या, त्याच ढिगातलं दुसरं लिंबू कापलं. पांढरं. मग दोन्ही सुऱ्या सुभेदारांच्या हातात दिल्या. त्यांनी कापलं तरी तेच, लाल आणि पांढरं. माझ्या पोरींनी फूल चोळून दाखवलं. "लिंबात काही नाही, माणसात काही नाही, जे आहे ते सुरीत आहे! सुरीत!" हे मी घसा बसेपर्यंत सांगितलं.

सुभेदार शब्दाचा माणूस. सगळ्या गावासमोर त्यांनी चुलतीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने त्यांना उठवलं आणि दोघंही रडले. मीही रडले. सोमवारी खिचडीचं पातेलं रिकामं झालं. मला वाटलं, सुटले एकदाची.

त्याच संध्याकाळी पलीकडच्या वस्तीवरचा एक माणूस माडीखाली येऊन उभा. "बाई, ती सुरी द्या की आठ दिस."

"कुठली सुरी?"

"खरंखोटं सांगती ती. तुमीच म्हनला न्हवं, समदं सुरीत हाय?"

मीच तर घसा फोडून सांगितलं होतं! रागाने मी ती सुरी त्याच्यासमोर खालच्या मोरीत नेऊन साबणाने घासायला घेतली. जास्वंदीला साबण लागला की ती हिरवी होते, हे त्या तिरमिरीत मीच विसरले. पातं हिरवंगार झालं आणि त्या माणसाने जागच्या जागी हात जोडले.

मंगळवारी दुपारी पातेलं घासून झाल्यावर मावशी वर्गाच्या दाराशी आली. पोरं खेळायला गेली होती. ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "बाई, मला ती दुसरी सुरी द्या. बिनरगताची."

"मावशी, तुम्हीसुद्धा? अहो, कराडच्या बाजारातली साधी सुरी आहे ती. मी तिने कांदा चिरते."

"आसंल. पर सुनंला परत काय झालं तर? तवा तुमची बदली झाली आसली, तर मी कुणाकडं बगायचं?"

तिच्याशी वाद घालायला माझ्याकडे शब्द होते. सगळा धडा पाठ होता. पण ती दारातून हलेना. माडीवर जाऊन मी सुरी आणली आणि तिच्या हातात ठेवली. मनात आलं, सुरी तिच्याकडे गेली, आता तरी माझा पाय मोकळा झाला. मावशीने सुरी पदरात गुंडाळली, दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "सुरी ऱ्हाऊ दे माज्याजवळ. कापायला मातूर हात तुमचाच लागंल."

ती सुरी तिच्या चौकटीला टांगलेली आहे. तिच्याविरुद्ध आता कुणी ब्र काढत नाही. मुलं खिचडी खातात, मी जास्वंद सोडून बाकी सगळे प्रयोग करते, आणि कांदा विळीवर चिरते. बदलीच्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मुलीने मिरजेहून फोन करून विचारलं, "आई, भरलास ना या वेळी?"

मी हो म्हणाले. भरला नव्हता.