केदारफुलांच्या वाफ्यातली चार झाडं

१ नोव्हेंबर २०२३ रोजी दानम्मावहिनींनी गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून अनारशांसाठी पन्नास ग्रॅम खसखस घेतली. किंमत पंच्याण्णव रुपये. जवळ पन्नासाचीच नोट होती. "राहिलेले पंचेचाळीस उद्या देते," म्हणाल्या. दुकानदार रामलिंग म्हणाला, "घरचंच हाय वहिनी, पळून चाललाव का?"

वहिनी लातूरला आमच्या शेजारी राहतात. वय त्रेसष्ट. यजमान मन्मथअप्पा एसटीत चालक होते. २०१८ साली ते केदारची यात्रा करून आले, तेव्हा सगळ्यांसाठी भस्म आणि रुद्राक्ष आणले. वहिनींसाठी ओल्या उपरण्यात गुंडाळलेल्या सात मुळ्या आणल्या. तिकडच्या डोंगरात एका रोपवाल्याने दिल्या होत्या. "पॉपी म्हणतात. एकदा लावली की वर्षानुवर्षं तिथंच येते," एवढीच माहिती त्यांना होती. दोन वर्षांनी अप्पा गेले.

त्यांच्या हयातीत त्या झाडांना एकही फूल आलं नाही. वहिनी मात्र त्यांची रीत हळूहळू शिकल्या. घराच्या उत्तरेला, भिंतीच्या सावलीत, मुरूम घालून उंच केलेल्या वाफ्यात त्यांनी ती लावली होती. एकदा रुजलेलं हलवायचं नाही, कारण मूळ खोल जातं आणि लगेच तुटतं. चैत्रात पानं पिवळी पडून झाड जमिनीवरून नाहीसं होतं. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. तेव्हा पाणी घातलं तर मूळ सडतं. म्हणून उन्हाळाभर प्रत्येक जागेवर वहिनी फुटकी टोपली पालथी घालत आणि शेजारी काडी रोवत, कुणी चुकून खणू नये म्हणून. गल्लीतले हसत. "वहिनी, टोपल्याखाली काय कोंबड्या बसवल्याव का?" भाद्रपदात केसाळ पानं वर आली की हसणारे गप्प होत.

अप्पा गेल्याच्या पुढच्या फेब्रुवारीत पहिलं फूल आलं. वाटीएवढं, शेंदरी, बुडाशी काळा डाग. वहिनींनी ते सकाळी लिंगपूजेला वाहिलं आणि त्याला नाव दिलं, केदारफूल.

लातूरच्या घरात पाणी मोरीत सोडायची कुणाची छाती होत नाही. नळ आठ दिवसांनी येतो. तांदळाचं, भाजीचं, डाळीचं धुवण झाडांनाच जातं. त्या दिवाळीत वहिनींनी खसखस तीनदा धुतली, कारण तिच्यात वाळू फार होती, आणि तिन्ही वेळचं पाणी सवयीने वाफ्यात ओतलं.

पुढं २१ फेब्रुवारीला दुपारी बीटचे हवालदार दारात उभे राहिले. वाफ्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर फिरवला होता. त्यांनी वाफा पाहिला, फोटो काढले आणि म्हणाले, "मावशी, उद्या सकाळी शेतीखात्याच्या मॅडमला घेऊन येतो. तोवर एक पान तोडायचं न्हाई. अफू निघाली तर जामीनसुद्धा मिळायचा न्हाई."

वहिनींनी मला भिंतीवरून हाक मारली. "शेषेरावभाऊ, जरा या बरं."

त्या वाफ्याशी उकिडव्या बसल्या होत्या. सून वर्षाराणी मागे उभी होती. वहिनींनी माझं बोट धरून एका पानावर ठेवलं. ते काटेरी, खरखरीत लागलं. मग शेजारच्या पानावर ठेवलं. ते गुळगुळीत, मेणचट, निळसर होतं आणि देठाला कवटाळून बसलेलं. अशी चार झाडं होती. त्यातल्या दोन झाडांवर हिरवी बोंडं धरली होती.

"मला वाटलं माझ्याच फुलांचं बी पडलं," वहिनी म्हणाल्या. "दोन महिने कौतुकानं बघत राहिले. ही माझी न्हाईत. ही दिवाळीच्या धुवणातली खसखस हाय, म्हंजे अफूचंच झाड."

"मग उपटा की अत्याबाई!" वर्षाराणी म्हणाली. "चुलीत घाला. कोण बघतंय?"

"फोटोत आलीत ती. उद्या खड्डे दिसले तर सातही चोर ठरतील."

ती खसखस दुकानातली होती, एवढं रामलिंगने सांगितलं तरी निभावलं असतं. आम्ही दोघं गेलो. वहिनींनी आधी दिवाळीपासून द्यायचे राहून गेलेले पंचेचाळीस रुपये पुढं केले. तोवर व्हिडिओ त्याच्याही मोबाईलवर पोचला होता. त्याने पैशाकडे पाहिलंच नाही.

"कसले पैसे? मी तुम्हाला खसखस दिलीच न्हाई."

"रामलिंग, दिवाळीला..."

"दिवाळीला तुम्ही साखर नेली. माझं दुकान बंद पाडताव का वहिनी? जावा."

घरी येऊन मी त्यांना अर्ज लिहून दिला. काय घडलं ते तारखेसह, एका पानात. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि "दुकानदाराचं नाव खोडा" म्हणाल्या. मी खोडलं.

सकाळी साडेनऊला जीप आली. शेतीखात्याच्या विशाखा मॅडम तरुण होत्या. त्या वाफ्याकडे वळण्याआधीच वहिनी म्हणाल्या, "बाई, ह्या सात माझ्या. आन ह्या चार अफूच्या. माझ्याच हातानं पडल्या." आणि अर्ज पुढे केला.

हवालदार कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशी, निदान आम्हाला विचारू तरी द्यायचं!" मग मॅडमना म्हणाले, "सगळंच काढू. डोक्याला ताप नको."

वहिनी पदर खोचून वाफ्याच्या कडेला बसल्या.

मॅडमनी अर्ज वाचला, मग अकरा झाडांची पानं एकेक करून चोळून पाहिली. "सात वेगळी आहेत," त्या म्हणाल्या. "यापासून अफू होत नाही. ती राहू द्या. चार काढा."

तीन अलगद निघाली. चौथं सर्वांत जुन्या केदारफुलाच्या बुंध्यातूनच वर आलं होतं. "मी काढते," वहिनी म्हणाल्या, पण हवालदारांनी तोवर हिसका दिला होता. जमिनीत कट् असा आवाज झाला. दोन्ही झाडं त्यांच्या हातात आली. केदारफुलाचं मूळ अर्धं आत राहिलं.

हवालदार ओशाळले. "मावशी, चुकलं."

"माती नका हलवू," वहिनी एवढंच म्हणाल्या.

पंचनाम्यावर वहिनींची सही झाली. पाच महिने आम्ही पोलिसांच्या बोलावण्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

त्या चैत्रात वहिनींनी सात टोपल्या घातल्या. तुटलेल्या मुळावरही एक. भाद्रपदात तिथं दोन ठिकाणी केसाळ पानं फुटली, जिथे आधी एकच झाड होतं. आता वाफ्यात आठ आहेत. खसखशीचं पाणी मोरीत जातं.

रामलिंगला वहिनी दर महिन्याला पैसे द्यायला जातात. तो दर वेळी म्हणतो, मी खसखस दिलीच नाही. पंचेचाळीस रुपये देणे बाकी आहे.