जेवायच्या हाताला वळा

मावशीने आम्हा भाचरांत कधी डावं-उजवं केलं नाही. चापट मारायची ती सगळ्यांना सारखीच, आणि डाव्या हाताने. डावखुरी ना ती! लहानपणी त्या हातावर घरच्यांनी इतक्या पट्ट्या मारल्या, की एखादीने नाद सोडला असता. हिने पट्टीच चुलीत घातली.

तळ्याकाठी तंबू भाड्याने देतात, तिथे मावशी खिडकीवर बसते. चाव्या देते, उशा मोजून घेते, आणि तळ्यात साबण लावून उतरणाऱ्यांना खिडकीतूनच सरळ करते. मी शेजारी चहाचं बघते. काका होड्या दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात मावशीला चिडवतात.

एका पाहुणीने तिला डब्याच्या खेळाचं वेड लावलं. झाकणाच्या डब्यात एक रबरी शिक्का आणि एक कोरी वही ठेवून डबा लपवायचा, आणि खुणेची चिठ्ठी भिंतीवर लावायची. ज्याला सापडेल त्याने तो शिक्का आपल्या वहीत मारायचा, स्वतःचा डब्यातल्या वहीत उठवायचा, आणि डबा होता तिथे ठेवायचा. मावशीने खोडरबर कोरून बदक केलं. काका म्हणाले, "किटली छान जमलीय." दोन दिवस अबोला.

चिठ्ठी अशी होती: 'नळाकडे पाठ, तळ्याकडे तोंड. जेवायच्या हाताला वळा. वाकड्या झाडाच्या मुळाशी चपटा दगड उचला.'

लोक हौसेने जायचे आणि गुडघाभर चिखल घेऊन यायचे. भांडी घासायच्या ओट्याचं पाणी तिकडेच मुरतं, आणि मेली वाकडी झाडंही तिकडे ढीगभर! काका गेले, ते एक चप्पल तिथेच ठेवून आले. मीही गेले. दगड उचलला, खाली बेडूक.

"मावशी, नक्की तिथेच ठेवलास ना गं?"

"मग काय घरी माळ्यावर ठेवला? इतकं सोप्पं लिहिलंय! लोकांना साधं वळता येत नाही, त्याला मी काय करू?"

आणखी काही सांगायला मात्र तयार नाही. सांगितलं तर शोधायचं काय, म्हणे.

शेवटी चिखलाच्या पायांनी तंबू घाण होतात म्हणून तंबूंचे मालक, आमचे साहेब, वैतागले. "बाई, रविवारी मोसम संपतोय. तोवर वहीत एक तरी शिक्का दिसला तर ठीक, नाहीतर डबा उचला. पुढच्या वर्षी हे खूळ नको."

मावशी "बरं" म्हणाली. माझी मावशी, आणि नुसतं "बरं"! मला भडभडून आलं. त्या दिवसापासून ती खिडकीतून माणसांची तोंडं बघेना, बूटच बघायची.

रविवारी दुपारी साहेब डबा मागायलाच आले होते, तेवढ्यात एक शिंपी आला. हातात वही, बूट कोरडे ठाक. मावशी ताडकन उठली.

"गेलाच नाहीत ना?"

"गेलो की. लगेच सापडला. किटली झकास आहे हो, ताई."

काका तोंड फिरवून खोकले. मावशी मात्र धावत सुटली. आली ती डबा छातीशी धरून. वहीच्या पहिल्या पानावर इवलीशी कात्री उमटली होती. किटलीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. डोळे पुसले आणि मला ओरडली, "बघतेस काय? चहा दे त्यांना!"

मी चहा दिला, बिस्किटं दिली. शिंप्याने बिस्किट बुडवलं आणि मी कपाळावर हात मारला. डाव्या हाताने खात होता तो!

"मावशी, तू कुठल्या हाताने जेवतेस गं?"

"ह्या!" तिने डावा हात वर केला. "का?"

काका खुर्चीतून घसरले. साहेबांनी हसू दाबत पेन पुढे केलं. "बाई, राहू दे तुमचा डबा. फक्त तिथे 'डावीकडे' लिहा."

मावशीने पेन घेतलं, तर शिंपी मध्ये पडला. "नका हो बदलू, ताई. कात्रीपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं उजव्यांच्या सोयीचं. मला धरून लिहिलेलं हे पहिलंच काहीतरी वाचलं मी."

मावशी जरा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिली. मग त्याच हाताने तिने चिठ्ठीखाली एक ओळ वाढवली:

'चिखल लागला, तर हात बदला.'