आयुधपूजेच्या दुपारचा कीबोर्ड

या सदरातले अनुभव मी जेवता जेवता वाचते आणि आजवर एकदाही घास अडकलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. सांगलीच्या एका कॉलेजात मी काही वर्षं तर्कशास्त्र शिकवत होते. भूत आहे म्हणणाऱ्याने आधी 'आहे' म्हणजे काय ते सांगावं, अशी माझी भूमिका होती, आणि बहुतेक लोक तिथेच विषय बदलत. आज मीच लिहायला बसले आहे, तेव्हा हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

२००८ साल. नवऱ्याची बदली चेन्नईजवळच्या एका संरक्षण कारखान्यात झाली आणि आम्ही अण्णा नगरला राहायला आलो. चेन्नईत मराठीतून तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईची कोणाला गरज नव्हती. म्हणून चौतिसाव्या वर्षी मी प्रोग्रॅमिंग शिकले – म्हणजे शिकायला लागले – आणि गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत साइट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तात्पुरत्या बोलीवर लागले. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर आमची एक खोली. माणसं तीन. मी, शेजारच्या टेबलावरची सेल्वी आणि मालक राव सर.

सर तंजावूरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचं मराठी मला हुबेहूब लिहिता येणार नाही. शब्द बखरीतले, हेल तमिळ. मी मराठी म्हणून मला घेतलं, पण सवलत काही दिली नाही. कायम करण्यासाठी त्यांची अट एकच होती: दसऱ्याला ग्राहकाच्या साइटचं पान चालवून दाखवायचं आणि वाटेत काय बिघडलं होतं ते तोंडी सांगायचं. "नुसतें चालणें पुरें नाही, बाई," ते म्हणाले होते. "का चालतें, तें कळलें पाहिजे." नाही जमलं तर घरी. आणि घरी बसणं म्हणजे काय, ते मी आल्यापासूनच्या आठ महिन्यांत पाहिलं होतं. दिवसभरात माझ्याशी मराठीत फक्त प्रेशर कुकर बोलायचा.

माझ्या वाट्याचं काम पायथॉन भाषेत होतं, जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे साइटच्या तयार सांगाड्यावर. ते सुरू केलं की माझ्या मशीनवर एकच उत्तर यायचं – इम्पोर्ट एरर. म्हणजे, तू मागितलेली गोष्ट मला सापडत नाही. ती तर डोळ्यांसमोर बसवलेली होती. इंटरनेटवर प्रश्न टाकल्यावर एका सज्जनाने घोटाळा सांगितला: शिकताना मी सरावाच्या एका फाइलला 'जँगो' हेच नाव देऊन ठेवलं होतं. एकाच नावाच्या दोघी झाल्या की पायथॉन आधी घरातलीला धरतो. खरी बाहेर उभी राहते, आणि घरातलीकडे मागितलेलं काही सापडत नाही.

फाइल पुसली. रिसायकल बिनमधूनही काढली. एरर तोच. ओळनओळ तोच. जी फाइल आता नाही, तिच्याकडेच बोट दाखवत होता.

"अक्का, ती गेली नाहीये," सेल्वी म्हणाली. तिला पीएचपी यायचं, पायथॉन नाही, त्यामुळे तिला मजा वाटत होती.

"मी स्वतः पुसली."

"तिला कोणी सांगितलं का तसं?"

आयुधपूजेच्या सकाळीही मी त्याच्याशीच झगडत होते. तिकडे खाली लेथना हार घालून झाले, गंधाचे टिळे लागले. मग सर तबक घेऊन वर आले आणि माझ्या मागे उभे राहिले. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते हे मला माहीत होतं. कीबोर्ड हे शस्त्र असल्याचं नवीन होतं.

"यंत्रास आज विसावा, बाई. आतां हात लावूं नये."

"सर, डेमो उद्या आहे."

"सरी. उद्यां आहे. आज नाही." सरी म्हणजे तमिळमधलं 'बरं'.

त्यांनी मशीन बंद करायला लावलं, प्लग स्वतः ओढून काढले, मॉनिटरला गंध लावलं, कीबोर्डवर शेवंतीचं फूल ठेवलं. मी चुरमुरे खात बघत राहिले.

"राहू दे, अक्का," सेल्वी म्हणाली. "केस आता सरस्वतीकडे गेली. ती तुझ्याहून सीनिअर आहे."

"तिला पायथॉन येतं?"

"पीएचपी तरी नक्की येत असणार."

जिन्यातला मेन स्विच खाली ओढून, कुलूप लावून आम्ही निघालो. बसस्टॉपवर पर्स उघडली तर घराची किल्ली टेबलाच्या खणात राहिलेली. परत फिरले.

एरवी गिंडीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्या दुपारी सगळी वसाहत बंद होती. गेटागेटाला केळीचे खुंट बांधलेले, आणि रस्त्यात दृष्ट काढून फोडलेले कोहळे, आत कुंकू भरलेले, लाल पाणी सुटलेले. मी साडी सावरत त्यांतून वाट काढत आले. वॉचमनकडे ऑफिसची चावी मागितली तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"इप्पदाने मेले पोनींग?" – आत्ताच तर वर गेलात ना?

"मी नाही."

"तुम्हीच, मॅडम. मी हाक मारली. वळला नाहीत."

चावी त्याच्यामागे खिळ्यालाच होती. ती त्याने काढून दिली. मी मनात त्याच्या प्रसादाला नावं ठेवत जिना चढले. मेन स्विच खालीच होता. दाराला कुलूप होतं.

आणि आत कोणीतरी टाइप करत होतं.

आवाज खालून येतोय का, शेजारून येतोय का, हे मी पाहिलं. दाराला कान लावला. माझ्या कीबोर्डची स्पेसबार करकरायची. ती करकर होती. एवढंच असतं तर दार उघडलं असतं. पण मी दोन बोटांनी टाइप करते. दोन-तीन शब्द, मग थांबणं, मग बॅकस्पेसचा मारा, मग पुन्हा तेच शब्द. सेल्वी त्याची नक्कल करायची, म्हणून मला ते बाहेरून कसं ऐकू येतं ते माहीत होतं. आतला हात तसाच चालला होता.

मी चावी कुलपाला लावली. आवाज थांबला... माझ्या मागे कोणी येऊन उभं राहिलं की मी जशी थांबते, तसा.

मी चावी फिरवली नाही. खाली आले, ती वॉचमनला दिली, आणि नवरा येईपर्यंत अण्णा नगरला शेजारच्या मामींच्या पायरीवर बसून राहिले.

दसऱ्याला सरांनी फुलं उचलली. माझ्या कीबोर्डवरचं फूल होतं तिथेच होतं, थोडं सुकलेलं. मशीन चालू केलं, सर्व्हर सुरू केला आणि पान उघडलं. एरर नाही. सेल्वीने टाळी वाजवली.

"काय बिघडलें होतें?" सरांनी विचारलं.

माहीत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. आणि माझ्याच आवाजात ऐकलं की, पायथॉन प्रत्येक फाइलची आपल्यासाठी एक तयार प्रत शेजारी ठेवतो. मूळ फाइल पुसली तरी ती प्रत उरते आणि त्याच नावाने हाकेला ओ देते. मी मूळ पुसली होती, प्रत नाही. काल तीही काढली.

सरांनी मान डोलावली. "सरी. आतां कळलें तुम्हांस." मी कायम झाले.

नंतर पाहिलं तर मी सांगितलं ते अक्षरशः खरं निघालं. त्या प्रती फोल्डरमध्ये मला रोज दिसायच्या, पण त्यांच्याकडे लक्ष देऊ नका असं धड्यात होतं म्हणून मी कधी दिलं नव्हतं. 'जँगो'ची प्रत तिथे नव्हती. फोल्डरमध्ये शेवटचा बदल झाल्याची वेळ आदल्या दुपारची होती, वीज बंद असतानाची.

यातल्या एकेका गोष्टीची मी समजूत घालू शकते. कुठेतरी वाचलेलं आठवलं असेल. मशीनचं घड्याळ चुकलं असेल. उन्हात वॉचमनला भास झाला असेल. सगळ्यांची मिळून एक समजूत मात्र इतक्या वर्षांत जमलेली नाही. आणि एका प्रश्नाशी मी दर वेळी अडते. त्या दुपारी मी दार उघडलं असतं, तर दसऱ्याला सरांना उत्तर द्यायला आम्हां दोघींपैकी कोण उरली असती? आणि दिलं, ते कोणी?