ब्रेकबाईंचा पहिला अल्बम

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय त्यावर कायमचा मुक्कामाला असे. “हळू! गाडी काय पळून जाणार आहे?” हे दिवसभर तोंडात. आवाज इतका खणखणीत, की शेजारून जाणारेसुद्धा उगाच गाडी हळू करत.

पण हीच बाई ड्रमसमोर बसली की सुसाट सुटायची. तरुणपणी ऑर्केस्ट्रात नाचाची गाणी वाजवली होती, हाताला तेच वळण. पन्नाशी उलटली तेव्हा भाचीच्या बँडचा ड्रमर ऐन वेळी परगावी गेला आणि बाईंची वर्णी लागली. भाची गायला, तिचा मित्र गिटारला आणि ड्रमवर आत्या. अल्बम तिघांचाही पहिलाच, गाणी एकजात संथ नि उदास.

“अगं, कुणी गेलंय का?” बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पण बघता बघता त्या गाण्यांवर त्यांचा जीव जडला. भांडी घासतानाही तीच तोंडात.

शेवटचं गाणं मात्र आडवं आलं. त्यात एक ठोका दिला, की सावकाश श्वास घेऊन सोडेपर्यंत थांबायचं. बाईंना थांबवेना. दरवेळी गाणं मध्यावर येईतो धावत सुटायचं. अखेर भाची चाचरत म्हणाली, “आत्या, एवढ्या एकाला मशीनचा ठेका लावू या?”

“लाव की,” म्हणून बाई हसल्या. पण मनातून त्यांना फार लागलं होतं. ते गाणं त्यांना सगळ्यांत आवडायचं.

दुसऱ्या दिवशी शिकायला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजला आणि काकांनी घाबरून ॲक्सिलरेटर असा दाबला, की गाडीने उडीच मारली. बाईंनी ब्रेक लावला.

“काका, एवढी घाई कशाची?”

“मागचे म्हणतील, म्हाताऱ्याला जमत नाही.”

ओरडायला उघडलेलं बाईंचं तोंड तसंच मिटलं. आपलंही हेच की! दोन ठोक्यांमधल्या शांततेत त्यांना धाकधूक व्हायची, की पोरांना वाटेल, म्हातारी विसरली.

संध्याकाळी त्यांनी हे भाचीला सरळ सांगून टाकलं. “एकदा वाजवू दे. नाही जमलं तर खुशाल मशीन लाव.”

रेकॉर्डिंग सुरू झालं. बाईंनी ठोका दिला, हात मांडीवर ठेवले आणि थांबल्या. परत ठोका, परत थांबल्या. आणि मध्येच भाचीच पुढे सुटली! गाणारीच पळाली म्हटल्यावर बाईंचे हात शिवशिवले. पण ठोका पडला तो त्याच्या जागेवरच. भाचीचा आवाज अडखळला, क्षणभर थांबला आणि पुढच्या ठोक्याला हळूच येऊन मिळाला.

गाणं संपलं. “हेच ठेवायचं,” गिटारवाला म्हणाला.

भाचीने हेडफोन काढला. “आत्या, मी पळाले.”

“पळालीस.”

“मग तू का नाही आलीस मागे?”

“मीही आले असते, तर तू परत कुठे आली असतीस?”