लाल दिव्याची खोटी बातमी

इंटरनेटच्या केबलमध्ये काचेचा बारीक तंतू असतो आणि त्यातून उजेड धावतो. तंतू तुटला की पलीकडच्या टोकाला बसवलेल्या डबीला उजेड मिळत नाही, आणि तिच्यावर लाल दिवा लागतो. पण डबीची वीजच गेली, तर ती बंद पडता पडता कार्यालयाला एवढंच कळवते, की माझी वीज गेली. हे सगळं मला कामावरच्या ज्या जोडीदाराने शिकवलं, त्यानेच माझा केसाने गळा कापला.

केशोरीकडची लाईन सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. घर जवळ, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या बाबांना दुपारी जाऊन जेवू घालता यायचं. ती लाईन गेली तर बदली तिरोड्याला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

आमची रीत अशी, की एकाने डबीपाशी थांबायचं, दुसऱ्याने केबल तपासत चालायचं. डबीपाशी असलेला सांगेल ते खरं. एका सकाळी ग्रामपंचायतीतल्या डबीपाशी थांबलेल्या जोडीदाराचा फोन आला.

"लाल दिवा जळून राह्यला गा. मशीन तलावापाशी तूट दाखवते. पाळीवर पाह्य."

मी दोन दिवस तलावाची पाळ आणि धानाच्या बांध्या तुडवल्या. केबल धडधाकट. इकडे गावकऱ्यांचे दाखले अडकले, तक्रार झाली, आणि साहेबांनी लाईन काढून त्याला दिली. त्याने ती घटकेत सुरू केली. मी मूर्ख, त्याचं कौतुक करत होतो!

सामान जमा करायला कार्यालयात गेलो, तेव्हा संगणकावर बसणाऱ्या बाईंनी जुनी नोंद दाखवली. गप्प होण्याआधी डबीने कळवलं होतं, वीज गेली.

"मंग लाल दिवा लागनच कसा?" त्या म्हणाल्या. "तुमच्या जोडीदारानं तूट सांगतली, म्हणून आम्ही तूट लिवली."

त्याने डबीच्या विजेची पिनच उपसून ठेवली होती. मी तडक त्याच्याकडे गेलो.

"काऊन केलं असं?"

"मले बी घराजवळची लाईन पाहिजे होती. तुह्या बापाले पाहाले शेजारी आहेत ना."

याच माणसाने माझ्या बाबांना कितीदा उचलून बसवलं होतं.

आता मी तिरोड्याला असतो. बाबांना शेजारीण जेवू घालते. ते अर्धं ताट तसंच ठेवतात, असं ती सांगते. परवा नव्या जोडीदाराचा फोन आला, लाल दिवा लागला म्हणून.

"फोटो पाठव," मी म्हणालो.

"काऊन भाऊ, माह्यावर भरोसा नाही का?"

"नाही."