सोळा दगड
परवा डोणगावच्या रस्त्यावर अंतराच्या दगडांना चुना लावत होते. त्या ओल्या वासाने मला माझंच एक पोस्टकार्ड आठवलं. तेव्हा मी लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचो आणि दुसरबीडच्या एका तरुण धावपटूला पत्रातून सराव सांगायचो. जिल्ह्याच्या शर्यतीत मले पहिलं यायचंच हाय, असं त्याने लिहिलं होतं. मी कळवलं, "रोज सोळा दगड पळ. एकही कमी नको." आमच्या रस्त्यावर नुकतेच किलोमीटरचे दगड बसले होते. शर्यतीला तो आलाच नाही, म्हणून मी एसटीने त्याच्या गावी निघालो. खिडकीतून दगड मोजायची माझी सवय. तिकडचे दगड फार वेळाने येत होते. ते अजून जुने, मैलाचे होते. माझे सोळा दगड म्हणजे दहा मैल. तो दोन महिने रोज सोळा मैल पळाला होता. ओसरीवर तो सुजल्या गुडघ्याला एरंडाची पानं बांधून बसला होता. "तुमचा हिशोब बराबर होता भाऊ," तो म्हणाला, "माह्यातच दम नव्हता." चहा देता देता त्याची आई म्हणाली, "म्या म्हनलं, आता थांब. तर म्हने, भाऊनं लिहेल हाय." मी मान खाली घालून चहा प्यालो. तो पुन्हा कधी पळाला नाही. दर दिवाळीला मात्र त्याचं पत्र येतं, 'तुमची मेहनत वाया घालवली, माफ करा.' मी प्रत्येक पत्राला उत्तर दिलं आहे, पण दगडांचं अजून एकदाही लिहिलेलं नाही.