पाटलांची लेक कोपीवर राहिली

चकलांब्याच्या पलीकडं थोडं आत गेलं की जे गाव लागतं, तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे. आमचे खेळाचे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बरेच दिवस कुणी आलंच नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, क्रॉस कंट्रीच्या मुली आता तुमच्याकडं."

"सर, मी सुटलेल्या एसटीमागंसुद्धा कधी पळाले नाही."

"तुम्हाला कुठं पळायचंय? पोरी पळतील. तुमी नुसतं मागं राहा."

मी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर मुली पुढं आणि मी स्कूटीवर मागं, असा आमचा सराव सुरू झाला. पायाशी पाण्याचा कॅन, डोक्याला स्कार्फ. मला काही येत नाही हे पोरींनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि त्याच मला शिकवायला लागल्या. सुरुवातीलाच जोर लावायचा नसतो, चढ लागला की पावलं बारीक करायची, पळून झाल्यावर लगेच बसू द्यायचं नाही, हे सगळं मला त्यांनी सांगितलं.

पारावर म्हातारी माणसं बसलेली असायची. एक आजोबा रोज विचारायचे, "कावून पळवायलाव हो बाई पोरींना? चोरी झाली का कुठं?"

एक दिवस एका पोरीनं पळता पळताच उत्तर दिलं, "चोर कोन हाय ते बघायलाव आजोबा, तुमी जरा उठून उभं राहा!" पार हसला, आजोबाही हसले. तेव्हापासून ते आम्ही येताना दिसलो की आपली कुत्री धरून ठेवायचे.

संघात सहा मुली लागायच्या. माझ्याकडं सात होत्या. सगळ्यात पुढं असायची ती एक उंच, काटकुळी पोर. तिचे आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. ती पळताना मागच्या पोरींच्या धापा ऐकू यायच्या, तिच्या नाहीत. सगळ्यात शेवटी असायची पाटलांची लेक. गावातला मोठा बागायतदार, पूर्वी सरपंच राहिलेला माणूस, त्याची ही एकुलती एक मुलगी. अंगानं भरलेली, गोरी, शंभर पावलांत लालबुंद होणारी. पाटलांनी सगळ्या पोरींना बूट घेऊन दिले होते, म्हणून तिला संघात घेतलंय असं गावात बोललं जायचं. खरं म्हणजे ती सातवी होती, राखीव. पण तिनं एक सकाळ चुकवली नाही. रोज शेवटी यायची आणि कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बाई, आज थोडी कमी मागं राहिले ना?"

दिवाळी झाली आणि ऊसतोडीचे ट्रॅक्टर गावातून निघायला लागले. वर्ग अर्धे रिकामे झाले. जिल्ह्याच्या स्पर्धा पुढं ढकलल्या गेल्या होत्या. उंच पोर एका दुपारी शिक्षक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, जाते. आईला बाळ झालंय. संभाळायला कोन न्हाई."

"आणि स्पर्धा?"

तिनं खांदे उडवले. बूट काढून माझ्या टेबलाखाली ठेवले. मी ते परत तिच्या हातात दिले, तर म्हणाली, "तिकडं खराब होतेन, बाई. तुमच्यापाशी राहू द्या."

तिच्या जागी पाटलांची लेक संघात आली. घरात तिचं केवढं कौतुक झालं! पाटील स्वतः शाळेत आले आणि म्हणाले, बीडला पोरींना माझ्या जीपमधून मीच नेतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सराव झाल्यावर तीच माझ्याजवळ आली. "बाई, बीडला माजलगाववरून गेलो तर? कारखान्यापाशी तिची कोपी हाय. आमच्या गावचे लोक कुठं उतरलेत ते बाबांना म्हाईत हाय."

"अगं, ती आली तर तुझी जागा जाईल."

"जाईना. ती न्हाई तर आपन कुठं येनार?"

पाटलांना हे पटायला वेळ लागला. "वाकडी वाट पडती बाई ती," एवढंच म्हणत राहिले. पण पहाटे त्यांनीच जीप गेवराईहून माजलगावच्या रस्त्याला घातली.

कारखान्याच्या अलीकडं मोकळ्या रानात उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, रांगेनं उभ्या होत्या. चुली विझत आल्या होत्या, बैलं जुंपणं चाललं होतं. उंच पोर बाळाला कडेवर घेऊन हंडा घासत होती. आम्हाला बघून तिनं हंडा खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली.

तिच्या आईनं माझं सगळं ऐकून घेतलं. डोक्याला फडकं बांधून ती निघायच्याच बेतात होती.

"बाई, न्या म्हनायला माझं काय जातंय? पन आमी दोघं नवरा-बायको मिळून एक कोयता. मी लेकरापाशी बसले तर ह्यांचा पन दिवस गेला. लेकराला उसाच्या फडात कोन बघंल?"

मी पाटलांकडं बघितलं, ते जीपच्या टायरकडं बघत होते. तेवढ्यात त्यांची लेक पुढं झाली.

"काकू, मी थांबते. मी घेते बाळाला."

उंच पोरीची आई हसलीच. "तू? पाटलाची पोर, फडात?"

"मला तसंबी आज पळायचं न्हाई."

सगळ्यांच्या नजरा पाटलांवर. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. माणसं सगळी त्यांच्याच गावची, पण या कोप्यांपर्यंत ते कधी आले नसावेत.

"उन्हात बसू नको," ते लेकीला म्हणाले. मग उंच पोरीच्या आईला म्हणाले, "संध्याकाळी आमी येतो. तवर माझीबी लेक तुमच्यापाशी हाय म्हना."

उंच पोरीनं बाळ पाटलांच्या लेकीच्या हातात दिलं. कसं धरायचं, रडलं तर काय करायचं, झोळी कुठं बांधायची, ते भराभर सांगितलं. मी पिशवीतून उंच पोरीचे बूट काढले.

बीडला पाहुणे उशिरा आले म्हणून स्पर्धाही उशिरा सुरू झाली, ते आमच्या पथ्यावरच पडलं. महिनाभर सराव नसलेली पोर पहिल्या चढापर्यंत सगळ्यांच्या पुढं होती. पाटील धोतराचा सोगा हातात धरून रस्त्याच्या कडेनं पळत होते आणि ओरडत होते, "पळ माय, पळ! मागं बघू नको!" त्यांना मी गावच्या सभेत भाषण करताना ऐकलं होतं, पण तो आवाज असा कधी फाटलेला ऐकला नव्हता. शेवटच्या टप्प्यात तिचा दम तुटला. एक एक करत मुली तिच्या पुढं गेल्या. ती पाचवी आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत राहिली. आमचा संघ तिसरा आला. पुढं काही गेला नाही.

जेवणाची पाकिटं मिळाली तेव्हा उंच पोरीनं आपलं फोडलं नाही. "तिला ठेवते," म्हणाली. मग बाकीच्या पोरींनी आपापल्या पाकिटातलं तिच्यापुढं सरकवलं.

दिवस कलताना आम्ही कोप्यांवर पोचलो. पाटलांची लेक चुलीपुढं बसली होती, गालाला काजळी, ट्रॅकसूटला चिखल, आणि बाळ तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं. आमची चाहूल लागली तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं.

पाटील बघतच राहिले. मला हळूच म्हणाले, "घरी ही पान्याचा तांब्या उचलून घेत न्हाई, बाई."

उंच पोरीची आई फडातून आली होती. तिनं लेकीला विचारलं, "कितवी आलीस?"

"पाचवी."

"पाचवी म्हंजी चांगलं का?"

पोर माझ्याकडं बघायला लागली. मी बोलायच्या आधी पाटील म्हणाले, "लई चांगलं. सगळ्या जिल्ह्यात पाचवी."

आईनं कोरा चहा केला. पाटील गोणपाटावर मांडी घालून बसले आणि सावकाश चहा प्याले. त्यांच्या लेकीला उठवत नव्हतं, मांडी भरून आली होती. उंच पोरीनं बाळ उचललं, तिला हात देऊन उभं केलं, आणि दोघी उगाचच हसत सुटल्या.

पुढच्या वर्षी उंच पोर गावातच, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी असतं त्या हंगामी वसतिगृहात राहिली आणि विभागापर्यंत पळाली. त्यानंतर मी बीडच्या शाळेत आले, स्कूटी विकली, पुन्हा कुणाला पळवलं नाही. उंच पोर आता नगरला दवाखान्यात नर्स आहे. पाटलांची लेक माजलगावला दिली, तिला दोन मुलं आहेत. दिवाळीत दोघी गावी आल्या की मला फोन येतो, तो दोघींचा मिळूनच येतो. दोघी एकदमच बोलतात, कोण काय म्हणतंय ते मला कधीच नीट कळत नाही, आणि मी पण "हो गं, हो गं" म्हणत तो फोन लांबवत राहते.